कुंकवाच्या टोकाची सळी

लोखंडाचं वेल्डिंग मी आठ वर्षं केलं होतं आणि त्याचा मला माज होता. ॲल्युमिनियमनं तो महिनाभरात उतरवला. लोखंड तापलं की लाल होतं, सांगूनसवरून वितळतं. ॲल्युमिनियम शेवटपर्यंत पांढरंच दिसतं आणि एकदम ढासळतं. पत्र्याला भोक पडतं आणि आपण बघत बसतो.

ही नव्वदनंतरची गोष्ट. सुरतेजवळच्या इच्छापोरच्या ज्या कारखान्यात मी ठेक्यावर होतो, तिथलं लोखंडाचं काम दिवाळीला संपणार होतं. पुढच्या सगळ्या टाक्या ॲल्युमिनियमच्या, आर्गन वायूच्या वेल्डिंगच्या. परीक्षेत पास होईल तो राहील, बाकीच्यांनी गाव गाठावं. प्रत्येकाला तीन संधी. बमरोलीच्या खोलीत बायको आणि दोन पोरी होत्या, आणि गावाकडचं घर भावांनी कधीच वाटून घेतलं होतं. आम्हांला जायला जागा नव्हती. ही भीती मी बायकोलासुद्धा बोलून दाखवली नाही.

दसऱ्यापर्यंत हात बसत आला होता. वेल्डिंगची टॉर्च किती तिरपी धरायची, वितळलेल्या थेंबात भरणाची सळी टेकवून लगेच मागे कशी घ्यायची, हे जमू लागलं होतं. फोरमननं परीक्षेसाठी सळ्यांची नवी जुडी दिली. मी ती दसऱ्याला घरी नेली. बायकोनं पान्या-हातोड्यांबरोबर तिचीही पूजा केली, तेलाचा हात फिरवला आणि प्रत्येक सळीच्या टोकाला हळदकुंकू लावलं.

परीक्षेत मी मुद्दाम कुंकवाच्या टोकानंच सुरुवात केली. सांधा काळा पडला, बारीक छिद्रांनी भरला. फोरमननं सांध्याची पट्टी कापून वाइसमध्ये आवळून वाकवली, ती तडकली. काळं पडलं, एवढंच मी घरी सांगितलं: "काये पडी गयं." दुसऱ्या परीक्षेच्या सकाळी मीच बायकोला म्हणालो, अजून कुंकू लाव. तिनं हात जोडून लावलं. सांधा आणखी काळा आला.

हात गेला, आता आपण संपलो, असंच वाटलं. आर्गनच्या सिलिंडरमागे बसून मी रडलो, तोंडावर गमछा दाबून.

फोरमन सुरती म्हातारा. तो मला शोधत आला आणि उरलेल्या सळ्या हातात घेऊन बघू लागला.

"अल्या, आ सळियो लाल केम छे?"

मी म्हणालो, "पूजा की है, साहेब."

त्यानं कपाळावर हात मारला. एक सळी थिनरच्या फडक्यानं पुसली आणि मला दिली. तुकड्यावर मी दोन बोटं सांधा मारला, तो चांदीसारखा उजळ आला. लोखंडाच्या रॉडवर मसाल्याचा लेप असतो, तो असले लाड खपवून घेतो. ॲल्युमिनियमला तेलाचं बोटही चालत नाही. पत्रा मी रोज घासून घासून साफ करत होतो. सळीकडे बघायची अक्कल मला नव्हती.

खरं तर मी आनंदानं घरी जायला हवं होतं. पण इतक्या दिवसांची भीती रागातून बाहेर पडली. मी जुडी बायकोपुढे आपटली.

"तुन्हा कुंकूनी मन्ही नोकरी खादी!"

नवऱ्यानं बायकोच्या कुंकवाबद्दल हे बोलावं! दुसऱ्या वेळचं कुंकू मीच मागितलं होतं, हे मला आठवलं नाही. मी आणलेली थिनरची बाटली तिनं उघडली आणि फडक्यानं एकेक सळी पुसत बसली. खोलीभर वास सुटला, पोरी डोळे चोळू लागल्या. फडकं लाल होत गेलं.

तिसऱ्या परीक्षेत पट्टी पार दुमडली तरी तडकली नाही. मी राहिलो. सुरत सुटली नाही.

पुढच्या दसऱ्याला तिनं चूल, सायकल, पोरींची दप्तरं, सगळं पुजलं. माझी हत्यारांची पिशवी तिनं पुजली नाही, ओलांडलीही नाही, वळसा घालून गेली. मीच पिशवी पुढे सरकवली आणि म्हणालो, हिला लाव की. वर्षभर मनात साठवलेली माफी मला एवढीच मागता आली.

तिनं कुंकवाचं बोट पदराला पुसलं.

"नको," ती म्हणाली, "काये पडी जाई."