पावावरचे तीळ

रामघाटावर बर्गरची नवी गाडी लागली त्याच दिवशी, पावावर तीळ म्हणजे हे तर्पणच की, असं मी मोठ्यानं बोलून गेलो. मी पडलो भटजी. उभी असलेली चार गिऱ्हाइकं लगेच पांगली. गाडीवालीची ती पहिलीच गिऱ्हाइकं. तिचा चेहरा उतरला, पण भांडली नाही. पदर खोचून तिनं पाव तव्यावर उलटा दाबला. तीळ तडतडले, खमंग वास गल्लीत शिरला आणि माणसं एकेक करून परतली.

"इसीलिए लगाते हैं," ती म्हणाली.

इतक्या चवीनं मी कधी हरलो नव्हतो. मुकाट्यानं हात पुढे केला. पाव देताना तिनं मला नीट न्याहाळलं.

"गुरुजी, तर्पण में तो काला तिल लगता है न? आपसे पूजा कौन करवाता है?"