देणगीदार येईपर्यंत

कर्जतच्या सरकारी दवाखान्यामागे आमचं अन्नछत्र आहे. बुधवारी माझी पाळी. तांदूळ किती घ्यायचा, ताटं कोण पुसणार, पाणी कोण देणार, हे मी सकाळीच फळ्यावर लिहून टाकते. म्हणजे नंतर कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत बसत नाही. एक गोष्ट मात्र न लिहिताच पाळली जाते. ज्याच्या देणगीचं जेवण, त्याच्या हातून पहिलं वाढप. तो येईपर्यंत पंगत थांबते.

त्या बुधवारी कुणाच्या तरी नातवाच्या पहिल्या वाढदिवसाचं जेवण होतं. कुटुंब मुंबईहून येताना चौक गावापाशी ट्रॅफिकमध्ये अडकलं. इकडे पंगत बसलेली, ताटं रिकामी, आणि जिलेबीचा वास.

"आमी काय लग्नाला आलोय का गं, नवरदेवाची वाट बघायला?" मजुरीवर जाणारी एक बाई शेजारणीला म्हणाली. दोघी हसल्या.

त्यांच्या शेजारी कशेळ्याच्या वरच्या वाडीतला एक म्हातारा बसला होता. त्याच्या बायकोला दवाखान्यातून पनवेलला हलवणार होते. बरोबर जायला तो एकटाच. कालपासून पोटात फक्त चहा. हात धुताना त्यानं मला हे सांगितलं, ते "गाडी आली तर हाक मारा" एवढ्यासाठीच.

मी अन्नछत्र चालवणाऱ्या काकांकडे गेले.

"काका, त्या बाबांपुरतं वाढते. त्यांची गाडी येईल."

"ताई, आलेच ते लोक. थोडं थांबा."

मी थोडं थांबले. मग वरण-भात नेऊन म्हाताऱ्याच्या ताटात वाढला. त्यानं दोन्ही बाजूंना पाहिलं. हात मांडीवरच.

"जेवा ना, बाबा."

"या बायांना वाढा आदी."

"त्यांना वेळ आहे. तुम्हाला नाही."

"हां. पन शेजारचं ताट रिकामं असताना आमच्यात नाय जेवत."

"जेव रं बाबा, आमी बघतच नाय," म्हणत ती मजूर बाई पाठ करून बसली. तरी तो जेवेना.

मग मी भाताचं पातेलं उचललं आणि साऱ्या पंगतीला वाढत निघाले. काका बघत होते. मी पंगतीच्या टोकाला पोचले नव्हते, तेवढ्यात वॉर्डातली मावशी दारात आली. "गाडी लागली, चला."

तो तसाच उठला. मी धावत जाऊन कागदात दोन जिलेब्या बांधून दिल्या.

"तिला गोड चालंल का?" त्यानं विचारलं.

मला माहीत नव्हतं. पुडी खिशात घालून तो गेला.

नंतर कुटुंब आलं. बाळाच्या मुठीत जिलेबी देऊन फोटो झाले. बाळाची आजी भली बाई, पंगतीत फिरून उशिराबद्दल माफी मागत होती. भरल्या ताटापाशी थांबून तिनं विचारलं, "इथले कुठे गेले?"

"पनवेलला," मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि त्या ताटातही एक जिलेबी ठेवली.

पंगत उठल्यावर काका म्हणाले, "तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही, ताई. पण हे लोक तुटले तर डाळ कुठून आणायची, तेही फळ्यावर लिहा."

पुढच्या बुधवारी मी फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं: बारा वाजता सगळ्यांना वाढायचं. काकांनी ते पुसलं नाही. फक्त या बुधवारच्या देणगीदाराचा नंबर काढून फोन माझ्या हातात दिला. "तुम्हीच सांगा."

भात शिजला, ताटं पुसून झाली, बाहेर माणसं जमू लागली. मी अजून नंबर लावला नव्हता.