विहाराचं पातेलं

रायपूर राजधानी झालं आणि गल्लोगल्ली गेस्ट हाऊस निघाली. चौबे कॉलोनीजवळच्या एकाच्या चादरी आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, सत्यभामा धुवायची. नवरा गुलाबराव लकव्याने खाटेला खिळलेला, घर चालायचं ते या चादरींवरच. विकतचा साबण परवडेना म्हणून तिने घरीच करायला घेतला, टोरीचं म्हणजे मोहाच्या बियांचं तेल आणि कास्टिक सोडा घालून. बाई हिकमती, आणि हट्टी तर विचारूच नका.

पण तिच्या लोखंडी कढईतल्या साबणाने चादरींवर तांबूस डाग पडले. मॅनेजर म्हणाला, "दीदी, एक दाग और दिखा, तो कल से मत आना."

तेव्हा तिला विहारातलं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, मोठं पातेलं आठवलं. बुद्ध पौर्णिमेची खीर त्यातच शिजते. झाडलोटीसाठी किल्ली तिच्याकडेच असायची. आपल्या माणसांचं पातेलं, चकचकीत, डाग कशाला पडेल? एवढाच विचार करून तिने ते कुणाला न विचारता घरी आणलं. लोखंड चालतं पण जर्मनला कास्टिक खातं, हे तिला कोण सांगणार? मला तरी कुठे ठाऊक होतं!

कास्टिकचं पाणी ओतताच पातेलं खदखदलं, काळा फेस वर आला. घाबरून तिने वरून तेल ओतलं, सगळं. साबण धरलाच नाही. बुडाला भोकं पडली आणि काळा राडा चुलीत गळू लागला. चादरी सकाळी द्यायच्या होत्या.

ती पातेलं घेऊन माझ्या दारात आली. "काय करू, बाई? विहारात कोणत्या तोंडानं जाऊ?" मला तिचा इतका राग आला, आणि रडूही आलं. मी तिला भीमाबाईंकडे ओढत नेलं. विहाराचं सगळं त्याच बघायच्या आणि त्यांच्या जिभेला सगळा पारा टरकून असायचा.

भीमाबाईंनी भोकात बोट घातलं. "अवं भवाने, मांगतलं असतं त साबण नसता देल्ला का आमी?" मग आवाज उतरला. "पातेल्याचं पाहू मंग. चादरी कुठी हायेत?"

घराघरातून साबणाच्या वड्या आल्या. नळावर आम्ही सगळ्या बसलो, हात सोलेस्तोवर घासलं. इतक्या पांढऱ्या चादरी मी जन्मात पाहिल्या नव्हत्या.

सकाळी गठ्ठा पोचवायला मीही तिच्यासोबत गेले. मॅनेजरने एकेक चादर उजेडात धरली आणि पहिल्यांदाच हसला.

"वाह दीदी! अब रोज ऐसा ही सफेद चाहिए. इससे कम नहीं चलेगा."

तिने मान डोलावली. मळक्या चादरींचा नवा गठ्ठा तिच्या डोक्यावर चढवला गेला. फाटकाबाहेर येताच तिचे पाय थांबले.

"बाई," ती म्हणाली, "आता रोज कोन देईन मले साबन?"