पदरातली चावी

ट्रकच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे दबून गाडी मागून खाली बसली होती. गाडी उंच करून घ्यायला आम्ही पहिल्यांदाच गॅरेजला आलो. बाबा होते तोवर हे काम दारातच व्हायचं. जॅक लावून गाडीखाली शिरण्याआधी ते चावी आईकडे द्यायचे, चुकून कुणी गाडी सुरू करू नये म्हणून. आई ती पदराच्या गाठीत बांधून तिथेच बसायची. कुणीतरी आपल्या भरवशावर खाली निजलंय, हे ओझंसुद्धा हवंहवंसं असतं.

आजही तिने चावी पदरात बांधलीच.

काम सफाईदार झालं. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "काकू, झालं. द्या चावी."

आईने वाकून गाडीखाली पाहिलं. खाली कुणीच नव्हतं. तरी गाठ सोडायला तिला बराच वेळ लागला.