एकवीस दिवसांचे पापड

कुवेतमध्ये पापड वाळायला सूर्याची मिनतवारी करावी लागत नाही. सकाळी दहाला गच्चीवर टाकला की अकराला कडकडीत. मात्र मध्येच तोज आला, म्हणजे वाळूचा वारा सुटला, की तोच पापड दाताखाली करकरतो आणि मग आठ दिवस नवऱ्यांचे टोमणे ऐकावे लागतात. साठ सालच्या आसपास आम्ही पाच-सहा मराठी बायका तिथे पापड करायचो, तेव्हा आमचं सगळं वैर त्या वाळूशी होतं. निदान माझं तरी.

पापड एकटीने होत नाहीत. पीठ कुटायला एक, लाट्या पाडायला एक, लाटायला चौघी आणि लाट्या तेलात बुडवून गट्टम करायला सगळ्या. म्हणून आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे असा नेम होता. आमची सेनापती म्हणजे रत्नागिरीकडची एक मुसलमान म्हातारी. तिच्या मुलाचं बाजारात कापडाचं दुकान होतं. आम्ही तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. तिच्या हातचा पापड माझ्या सासूच्या पापडापेक्षा पातळ व्हायचा. हे मी सासूला कधी कळवलं नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक वहिनी राहायची. तिच्या घरी पापडांचा नेम कधी आला नाही. तिचे यजमान शहरातल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. गोड बोलणारे, शुक्रवारच्या बैठकीत अभंग म्हणणारे, आम्हा सगळ्यांचे अरबी कागद भरून देणारे. कचेरीत जाताना ते बाहेरून कुलूप लावून जायचे. का, तर वहिनीला इथली भाषा येत नाही, कोणी आलं तर घाबरेल. ‘किती जपतात!’ असं आम्ही म्हणायचो. माझा नवरा मला कोंडून ठेवण्याइतका काळजीत कधी पडला नाही, याचं मला थोडं वाईटसुद्धा वाटायचं. एवढी मी शहाणी.

एकदा पापड माझ्याकडे होते, तेव्हा यजमानांनी वहिनीला दोन तासांसाठी खाली पाठवलं. भर उन्हाळ्यात ती मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून आली. पीठ कुटायला मुसळ घेतलं आणि दुसऱ्याच घावाला तिच्या हातून सुटलं. हाताला काय झालं, म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘‘दार लागलं.’’ मागच्या महिन्यात कपाळालाही दारच लागलं होतं. मी लगेच म्हटलं, ‘‘वहिनी, तुमच्या घराचं दार भलतंच द्वाड दिसतंय. त्याला शाळेत घाला!’’ सगळ्या खदखदून हसल्या. वहिनीही हसली. तिचं ते हसणं आठवलं की मला आजही माझी लाज वाटते.

खाला हसली नाही. तिने वहिनीची बाही हळूच वर सारली. दंडावर चार निळे वळ होते आणि पलीकडे अंगठ्याचा पाचवा.

‘‘अगो पोरी,’’ खाला म्हणाली, ‘‘दरवाज्याला पाच बोटां कवापासना फुटली?’’

लाटणी थांबली. वहिनी आधी म्हणाली, कुणाला सांगू नका, चूक माझीच होती, आमटी खारट झाली होती. खालाने तिला पाणी दिलं. ‘‘आमटी आमच्यापण खारट व्हतात. चूक तुजी नाय. आता मना सांग, तुला काय पायजे?’’ हा प्रश्न तिला बहुधा बऱ्याच वर्षांत कुणी विचारला नव्हता. ती म्हणाली, ‘‘माहेरी जायचंय. पासपोर्ट त्यांच्या ट्रंकेत आहे.’’ आणि ट्रंकेची किल्ली? ती यजमानांच्या जानव्याला. आंघोळीलाही गळ्यातच.

मी तर तेव्हाच लाटणं घेऊन त्यांच्या कचेरीत जायला निघाले होते. वहिनीने माझा पदर धरला. ‘‘असं केलंत तर रात्री मलाच भोगावं लागेल,’’ ती म्हणाली. ‘‘लोकांसमोर मात्र ते आवाजसुद्धा चढवत नाहीत.’’ खालाने हे ऐकलं आणि तिचे डोळे बारीक झाले. ‘‘मग आपण लोक व्हऊया,’’ ती म्हणाली. ‘‘तुला चालल काय? नाय म्हटलंस तर नाय.’’ वहिनीने विचार केला, एक लाटी तेलात बुडवून खाल्ली आणि मान हलवली.

शुक्रवारच्या बैठकीत, अभंग संपून सगळे माना डोलावत असताना, खालाने यजमानांना मोठ्याने विचारलं, ‘‘दादा, तुमच्या गच्चीवर वाळू कमी येते. पापड तिथे केले तर चालतील?’’ एवढ्या माणसांसमोर सज्जन माणूस काय म्हणणार? ‘‘अहो, विचारता काय? आपलंच घर समजा!’’

आम्ही समजलो.

दुसऱ्या दिवशी यजमान कुलूप घेऊन दारात उभे, तोवर आम्ही पोळपाटांसकट आत. दुपारी दोनला ते घरी आले तेव्हा बैठकीच्या खोलीत उडदाचं पीठ होतं, पंख्याखाली चादरींवर ओले पापड आणि त्यांच्या आरामखुर्चीत मी. पापड झाले की कुरडया काढल्या, कुरडया झाल्या की सांडगे. संध्याकाळी आमचे नवरे आम्हाला न्यायला येत आणि चहाला बसत. माझा नवरा आधी कां कूं करत होता, नवरा-बायकोच्या भानगडीत आपण पडू नये म्हणाला. मी त्याला वहिनीच्या दंडाचं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो तिथल्या चहावरून सगळ्यात उशिरा उठू लागला. तो मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत होता आणि तिथल्या एका पंपाबद्दल दोन दोन तास बोलू शकायचा. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्या त्या पंपाचा मला अभिमान वाटला.

रात्रीचा प्रश्न खालाने सोडवला. ‘‘माज्या घरात रंग लावतायत,’’ म्हणून ती वळकटी घेऊन आली आणि वहिनीच्या शेजारी झोपली. यजमान बैठकीच्या खोलीत, पापडांच्या डब्यांमध्ये. तीन आठवड्यांत खालाच्या घराला इतके रंग लागले असतील, की खोल्या लहान व्हायला हव्या होत्या.

यजमान हसतमुखच राहिले. हसून हसून त्यांचा जबडा दुखत असावा. वहिनीचे वळ आधी पिवळे पडले, मग गेले. दहाव्या-बाराव्या दिवशी तिने आखूड बाह्यांचं पोलकं घातलं. खालाने त्या दिवशी शेवयांची खीर केली.

एकविसाव्या दिवशी शुक्रवार होता. बैठकीत यजमान स्वतःच म्हणाले, ‘‘हिला माहेरची फार आठवण येते. पाठवावं म्हणतो.’’ एकदा बायको गेली की या बायकाही जातील, एवढाच त्यांचा हिशेब. खालाने श्वाससुद्धा मध्ये जाऊ दिला नाही. ‘‘मी पुढच्या बोटीने मुंबईला चाललेय. तिला घेऊन जाते. पासपोर्ट आणा, आत्ताच माज्या पिशवीत ठेवते, नायतर इसरायला व्हतं.’’ सगळे बघत होते. यजमानांनी सदऱ्याच्या गळ्यातून हात घालून जानव्याची गाठ सोडवायला घेतली. गाठ सुटेना. शेवटी माझ्या नवऱ्याने पुढे होऊन मदत केली, तोंडाने पंपाचं चालूच होतं.

खालाला खरं तर त्या बोटीने कुठेच जायचं नव्हतं. पण शब्द दिला म्हणून गेली. वहिनीला तिच्या भावाच्या हातात दिलं, रत्नागिरीला जाऊन आली आणि येताना उडदाची डाळ आणली.

सहा महिन्यांनी माझ्या नावाने वहिनीचं पत्र आलं. भाऊ बरा वागतो, ती शिवणाच्या वर्गाला जाते, पापड वाळायला तिथे दोन दिवस लागतात. खालाला देवनागरी वाचता येत नसे, म्हणून मीच वाचून दाखवत होते. शेवटी लिहिलं होतं, ‘‘इथल्या दाराची कडी आतून आहे. मी दुपारी उगीचच एकदा उघडून बघते.’’

खालाने तेवढं वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.