महिपतीचा कार्बोरेटर

निडीच्या महिपतीला शेतातलं जितकं कळतं तितकंच कार्बोरेटरमधलं कळतं, असं गाव म्हणायचं, आणि महिपतीने ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं. सत्तावीस वर्षांची मोटारसायकल त्याने एकदाही मेकॅनिकच्या हाती दिली नव्हती. भात लावावं, वाल पेरावेत आणि उरलेल्या वेळात गाडी खोलून बसावं, असा हा गृहस्थ. त्याची बायको शकू त्या गाडीला सवत म्हणायची.

त्या सकाळी आठला त्याच्या मागे त्याची लेक रोहिणी बसली. पेणला परिचारिकांची भरती होती आणि दहाला फाटक बंद होणार होतं. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी. सात वर्षं ती कंत्राटावर राबत होती. तिला रेल्वेने जायचं होतं, पण घरात गाडी असताना लेकीने रेल्वेने जावं, हे महिपतीला कुठलं पटायला!

नागोठणं मागे पडलं आणि गाडी आचके देऊन थांबली. त्याने किका मारल्या, पेट्रोलच्या नळीत तोंडाने फुंकलं. गाडी सुरू झाली, दोन किलोमीटर धावली आणि पुन्हा बसली.

"जेटमधी कचरा आलाय," म्हणत त्याने भुरभुर पावसात कार्बोरेटर खोलला. रोहिणी छत्री धरून उभी राहिली. कचरा काही सापडला नाही.

तेवढ्यात प्रवाशांनी भरलेली एक मिनीडोर रिक्षा थांबली. "पेणला येताव का? एक जागा हाय," ड्रायव्हर म्हणाला.

रोहिणीने बापाकडे पाहिलं.

"नको, नको. पाच मिन्टांत होतंय," महिपतीने परस्पर सांगून टाकलं. मिनीडोर निघून गेली.

कासूजवळ गाडी तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा पावणेदहा वाजले होते. रोहिणी येणाऱ्या गाड्यांना हात करत होती, पण आता कोणी थांबेना. घाईघाईत महिपतीच्या हातून कार्बोरेटरचा बारीकसा जेट निसटून चिखलात पडला. तो गुडघ्यांवर बसून चिखल चाचपू लागला. देवा, आजचा दिवस तरी, एवढंच तो पुटपुटत होता.

"बाबा, पेट्रोल तरी हाय का बघू?"

"काल फुल केलीय!" तो खेकसला.

तरी तिने टाकीचं झाकण उघडलं. आत सुस्सकन हवा शिरली आणि नळीतून पेट्रोलची धार लागली. झाकणाखाली प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बसवलेली होती. पावसाचं पाणी टाकीत उतरू नये, आज तरी गाडीने दगा देऊ नये, म्हणून आदल्या संध्याकाळी त्यानेच ती घातली होती. झाकणाचं हवेचं भोक त्याने स्वतःच्या हाताने बुजवलं होतं, आणि हवा नाही तर पेट्रोल कसं उतरणार? गावाला शहाणपण शिकवणाऱ्या महिपतीला हे सुचू नये!

जेट शोधून, बसवून ते पेणला पोहोचले तेव्हा फाटक बंद होऊन पाऊण तास झाला होता. त्याने रखवालदारापुढे हात जोडले. "चूक माझी हाय, पोरीची नाय." रखवालदार नकारार्थी मान हलवत राहिला.

घरी शकू दारातच उभी होती. तिने तोंड उघडायच्या आत रोहिणी म्हणाली, "रहिवासी दाखला विसरले मी. परत पाठवलं."

"एवढी शिकलीस गो, आन् एक कागद सांभाळता येत नाय?" शकू कडाडली. रोहिणी ओली छत्री कोपऱ्यात ठेवू लागली.

खरं काय ते महिपतीच्या ओठांवर आलं होतं.

"जाऊ दे गो," तो शकूला म्हणाला, "होते पोरीकडून चूक."