गार झाल्यावर बघतो

त्याला सगळे ‘डायल’ म्हणत. कारखान्यासाठी कॉम्प्युटरवर चालणारं जुनं सीएनसी मशिन घ्यायचं असलं की लोक आधी त्याला दाखवत. केसाएवढा फरकही काट्यावर दाखवणारा डायल, एक टॉर्च आणि फडकं, एवढंच त्याचं सामान. घ्या किंवा घेऊ नका असं तो कधी म्हणत नसे. दिसेल ते सांगून मोकळा होई.

एकदा एका पंप बनवणाऱ्याने त्याला विकाऊ लेथ, म्हणजे धातू कातायचं मशिन, बघायला बोलावलं. पत्ता ऐकून डायल म्हणाला, “ते वर्कशॉप माझ्या दाजींचं आहे. दुसरं कुणी बघा.”

“तुमच्या शब्दावर माझा भरवसा आहे. नातं तुमचं तुम्ही सांभाळा.”

लेथ ताज्या रंगात चकाकत होता. पॅकिंगच्या टेबलाशी बसलेली ताई म्हणाली, “तू आलास, आता काळजी मिटली.”

डायलने स्पिंडलच्या, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याच्या, आवरणावर तळहात ठेवला. कोमट लागलं.

“सकाळी चालवलंत?”

“जरा फिरवून ठेवलं,” दाजी म्हणाले. “पाहुण्यांसमोर अडायला नको.”

“बंद करा. गरम मशिनमध्ये दोष लपतो. गार झाल्यावर बघतो.”

पंपवाल्यासह सगळे दोन-अडीच तास थांबले. मग लेथ सुरू केला, तेव्हा वेग वाढता वाढता आतून बारीक किरकिर यायला लागली. डायलने चकमध्ये, म्हणजे स्पिंडलच्या टोकाच्या पकडीत, सरळ गज धरला, त्याला आपल्या डायलचं टोक टेकवलं आणि चक हाताने फिरवला. काटा एका जागी थांबेना.

“स्पिंडलचं बेअरिंग गेलंय,” तो म्हणाला. “कधीतरी जोराची धडकही बसली असावी. बाकी ठीक आहे.”

पंपवाला सौदा न करताच नमस्कार करून गेला. ताई उठून समोर आली.

“आमच्या पोटावर पाय देऊन काय मिळालं तुला?”

“काही नाही. दिसलं ते बोललो.”

“रक्ताच्या नात्यात एवढं दिसायलाच हवं का?”

त्याने सामान फडक्यात गुंडाळलं आणि निघाला. नंतर चार रविवार त्याने तिला फोन लावला, तिने उचलला नाही. त्यानंतर त्याने लावला नाही. दाजींनी बेअरिंग बदललं आणि कुठे काय झालं होतं ते सांगूनच लेथ दुसऱ्याला विकला, असं त्याच्या कानावर आलं.

दीड वर्षाने दाजी त्याच्या दारात उभे राहिले. त्यांना स्वतःसाठी धातू तासायचं एक जुनं मिलिंग मशिन घ्यायचं होतं.

“येतोस? तुला नेतोय हे ताईला सांगितलेलं नाही.”

तो गेला. मशिनच्या सरकपट्ट्यांवर खोल ओरखडे होते, टेबल मधोमध झिजलं होतं. परतताना दाजींनी त्याला बळेच घरी नेलं. ताईने दार उघडलं, भावाकडे पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, “मशिन कसं आहे म्हणतोय हा?”

“झिजलंय म्हणतो. तरी मला वाटतं, घ्यावं.”

“तो म्हणतोय ना झिजलंय? मग घ्यायचं नाही,” ती म्हणाली आणि आत निघून गेली. दार मात्र तिने उघडंच ठेवलं होतं. डायलने उंबऱ्याशी चपला काढल्या.